रोज साठ-सत्तर रुपये वाचवून क्रेडिट कार्डाचं चाळीस हजारांचं कर्ज खरंच फिटतं का?

हो, फिटतं, पण वाचलेले पैसे त्याच आठवड्यात कार्डात भरले तरच. पतसंस्थेत हिशेब बघते, म्हणून आकड्यांतच सांगते. थकबाकी ४०,०००, व्याज महिना ३.५ टक्के, म्हणजे १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,६५२. तुम्ही नुसती किमान रक्कम, साधारण २,००० रुपये, भरलीत तर मुद्दल जेमतेम ३४८ रुपयांनी उतरतं! त्यात रोजचे ६० रुपये, म्हणजे महिन्याचे १,८००, घातले की तेच २,१४८ ने उतरतं. दरमहा ३,८०० कायम ठेवलेत तर पंधराएक महिन्यांत खातं कोरं होईल. हे साठ रुपये निघतात कुठून?

- टपरीवरचे दोन चहा आणि वडापाव; त्याऐवजी घरून डबा
- एकट्याने रिक्षा करण्याऐवजी शेअर रिक्षा किंवा बस; बसचा पासच काढलेला बरा
- रात्री उशिरा ॲपवरून मागवलेलं काहीबाही (सगळ्यात जास्त गळती इथेच)

व्याज दिवसावर मोजतात, त्यामुळे देय तारखेची वाट न बघता दर रविवारी यूपीआयने भरत जा. आणि कृपा करून फिटेपर्यंत त्या कार्डावर काहीही घेऊ नका. थकबाकी असताना नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. मात्र कर्ज लाखांत असेल आणि निम्मा पगार हप्त्यांतच जात असेल, तर चहा सोडून भागणार नाही. आधी बँकेत जाऊन कमी व्याजाचं सोनेतारण किंवा वैयक्तिक कर्ज घेऊन कार्ड मोकळं करा.