आलेख जमत नाही म्हणून सायन्स सोडायचं?

"दहावीला नव्वदच्या वर होती हो, आणि आता अकरावीच्या पहिल्याच टेस्टला फिजिक्समध्ये २५ पैकी ९. आर्ट्सला टाकू का?" अकरावीची पहिली टेस्ट झाली की नाशकातल्या माझ्या केबिनमध्ये हा प्रश्न ठरलेला. ही मुलगी सिडकोतली, वडील सातपूर एमआयडीसीत कामाला.

मी पेपरच मागवला. सूत्रात आकडे घालायची गणितं बरोबर होती, मार्क गेले होते आलेखांत. स्थान-काल आलेखातल्या आडव्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "इथे माणूस काय करतोय?"

"सपाट रस्त्याने चालतोय."

"आणि ही तिरकी?"

"चढ चढतोय. पांडवलेणीला चढतात तसा."

गोची इथे होती. आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र, असं ती धरून चालली होती. पुष्कळ मुलं धरतात, आणि क्लासमध्ये पोर्शन पुढे रेटायच्या घाईत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिला बाहेर पॅसेजमध्ये नेलं. दार म्हणजे शून्य, तिथून जिना १२ मीटरवर. स्टॉपवॉच वडिलांकडे. ती १० सेकंदांत जिन्यापाशी पोचली, ५ सेकंद थांबली, १५ सेकंदांत रमतगमत परत आली. मग वहीत वेळ आडव्या अक्षावर, दारापासूनचं स्थान उभ्यावर. बिंदू तिनेच जोडले. मधली रेघ आडवी आली तशी पेन्सिल थांबली.

"इथे तर मी उभी होते!"

पुढचं तिनेच सांगितलं: उतरती रेघ म्हणजे परत येणं, आणि ती कमी तिरकी कारण पाय सावकाश पडत होते. जाताना वेग १.२ मीटर प्रति सेकंद, येताना उणे ०.८, कारण वेगात दिशाही धरतात आणि ती उलटी होती. एकूण २४ मीटर ३० सेकंदांत, म्हणून सरासरी चाल ०.८. सरासरी वेग मात्र शून्य, कारण निघाली तिथेच परत आली.

वडील चमकले. "म्हणजे मी रोज सातपूरला जाऊन घरी येतो, माझाही शून्यच?"

"शून्यच, पप्पा!" केबिनमध्ये आल्यापासून पोरगी पहिल्यांदा हसली.

शाखेचं मी त्यांना स्पष्ट सांगितलं: एका धड्यावरून निर्णय नको, सहामाही होऊ द्या. तेव्हाही विषयात मन रमलं नाही तर आर्ट्सबद्दल जरूर बोलू, पण तिला काय आवडतं इथून सुरुवात करून. तोवर तिला एकच काम दिलंय. घर ते कॉलेज, सिटीलिंकच्या (शहर बसच्या) प्रवासाचा आलेख काढायचा, मधल्या थांब्यांसकट.