मित्राला इंग्रजीत पत्र: परीक्षेत आणि कॅनडात आल्यावर

नमस्कार. तुम्ही दोघं सांगलीहून एक्स्प्रेस एन्ट्रीची, म्हणजे कॅनडात कायमचं स्थायिक होण्याच्या अर्जाची, तयारी करताय, त्यासाठीच्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचं वाचन आणि ऐकणं बरं जातंय, पण 'मित्राला पत्र' लिहिलं की क्लासमधले सर 'टोन चुकला' एवढाच शेरा मारतात. टोन म्हणजे नेमकं काय करायचं, असं तुम्ही विचारलंत.

आधी एक खात्री करून घ्या. परीक्षेचे दोन प्रकार आहेत, जनरल ट्रेनिंग आणि अकॅडेमिक; तुमची नोंदणी जनरल ट्रेनिंगचीच झाली आहे ना? एक्स्प्रेस एन्ट्रीला तीच चालते. अकॅडेमिकमध्ये पत्र नसतंच, तिथे आलेख किंवा तक्ता येतो. जनरलच्या लेखनाला एकूण 60 मिनिटं असतात. पत्र किमान 150 शब्दांचं, निबंध किमान 250 शब्दांचा, आणि निबंधाचं वजन पत्राच्या दुप्पट. म्हणून पत्राला 20 मिनिटांच्या वर वेळ देऊ नका. सीएलबी 9, म्हणजे कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची नववी पातळी, गाठायची असेल तर लेखनात 7 बँड (परीक्षेतले गुण) लागतो, आणि बऱ्याच जणांचं घोडं तिथेच अडतं.

आता टोन. शाळेत आपल्याला पत्राचा साचा पाठ करून घेतला होता: 'आय ॲम फाइन हिअर अँड होप द सेम फ्रॉम यू.' त्याच्यावर क्लासवाले 'आय होप धिस लेटर फाइंड्स यू इन द पिंक ऑफ हेल्थ' चढवतात. दोन्ही टाकून द्या. अशी वाक्यं कुणालाही लिहिता येतात, म्हणून ती कुणालाच लिहिलेली वाटत नाहीत. पाठ केलेला मजकूर परीक्षकालाही लगेच कळतो.

माझ्या मते खरी युक्ती एवढीच: पेन उचलण्याआधी मित्र ठरवा. नाव, तो कुठे राहतो, तुमची शेवटची भेट कशी झाली. अर्धं मिनिट पुरतं. समजा प्रश्न असा आहे: मित्राकडे दोन दिवस राहून आलात, त्याचे आभार माना, तिथे विसरलेल्या वस्तूबद्दल सांगा, त्याला तुमच्याकडे बोलवा. सरावाच्या वह्यांमध्ये हटकून दिसणारी सुरुवात: 'डिअर फ्रेंड, आय ॲम रायटिंग धिस लेटर टू थँक यू फॉर युअर काइंड हॉस्पिटॅलिटी.' व्याकरण बिनचूक, पण वाचताना बँकेचं पत्र आल्यासारखं वाटतं. त्याऐवजी: 'डिअर मार्क, थँक्स सो मच फॉर पुटिंग अस अप लास्ट वीकेंड. द किड्स आर स्टिल टॉकिंग अबाउट युअर डॉग.' शब्द साधेच आहेत, पण त्या कुत्र्यामुळे मार्क खराखुरा माणूस झाला.

पुढचा मुद्दा स्वेटरचा. 'आय थिंक आय लेफ्ट माय ग्रे स्वेटर बिहाइंड युअर बाथरूम डोअर. कुड यू हँग ऑन टू इट टिल वी मीट?' हे 'कुड यू' लक्षात ठेवा. आपण सवयीने 'प्लीज सेंड मी द स्वेटर' लिहितो आणि प्लीज लावलं म्हणजे नम्रता झाली असं समजतो. इकडे कॅनडातल्या कानाला ते हुकूम सोडल्यासारखं लागतं. मित्रालासुद्धा विनंती प्रश्नाच्या रूपातच करतात. काम मोठं असेल तर 'वुड यू माइंड' किंवा 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड'. आणि आमंत्रण: 'कम इन मे, व्हेन द मँगोज आर इन. यू हॅव नो एक्सक्यूज.' आंबा बिनधास्त येऊ द्या, तुमचा मित्र तुमच्या गावी येणार आहे.

तीन मुद्दे दिलेले असतात आणि तिन्ही यायलाच हवेत. एक जरी सुटला तरी बँड घसरतो. प्रत्येकाला एक परिच्छेद द्या, पण लांबी सारखी नको. ज्यात सांगण्यासारखं जास्त आहे तो ऐसपैस होऊ द्या. प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका. पत्ता लिहायचा नसतो, तसं प्रश्नपत्रिकेवरच छापलेलं असतं.

'आय ॲम'चं 'आयम', 'डू नॉट'चं 'डोन्ट' अशी आखूड रूपं मित्राच्या पत्रात हवीतच. पण व्हॉट्सॲपवरचा एकाक्षरी 'यू' आणि 'पीएलझेड' नको. 'गॉना', 'वॉना'ही टाळलेले बरे. 'काइंडली', 'डू द नीडफुल', 'आऊट ऑफ स्टेशन' हे आपल्या कचेरीतलं इंग्रजी, ते मित्राला नको. मायन्यात पहिलं नाव, शेवटी 'टेक केअर' किंवा 'ऑल द बेस्ट' आणि खाली तुमचंही नुसतं पहिलं नाव. 'युअर्स फेथफुली' हे 'डिअर सर ऑर मॅडम'च्या पत्राला, 'युअर्स सिन्सिअरली' हे आडनावाने सुरू केलेल्या पत्राला. घरमालक किंवा शेजारीण असेल तर मधला सूर लागतो: 'डिअर मिसेस थॉमसन', आखूड रूपं थोडी कमी, थट्टा जवळजवळ नाही.

हे सगळं परीक्षेपुरतंच असेल, असं मात्र समजू नका. उलट इथे आल्यावर याचा उपयोग वाढतो. ऑफिसात साहेबांनाही पहिल्या नावाने ईमेल जाते. 'रिस्पेक्टेड सर' लिहिलंत तर समोरचा अवघडतो. मुलीच्या शिक्षिकेला चार ओळी लिहाव्या लागतात. शेजाऱ्याने तुमच्या दारातला बर्फ काढून दिला तर आभाराचं कार्ड देतात. छापील मजकुराखाली नुसती सही ठोकून ते देऊ नका, हाताने दोन वाक्यं लिहा आणि त्यात बर्फाचा उल्लेख करा. कुणाकडे दुःखद घटना घडली तर 'आयम सो सॉरी फॉर युअर लॉस' एवढं लिहून, गेलेल्या माणसाची तुम्हाला असलेली एक लहानशी आठवण लिहा. तत्त्वज्ञान नको. आपल्याकडचं 'ईश्वरेच्छा' इथे बऱ्याच जणांना कोरडं वाटतं.

पाकिटाचंही सांगून टाकते. फ्लॅटचा क्रमांक आधी, मग छोटी आडवी रेघ, मग इमारतीचा क्रमांक आणि रस्ता. शेवटी शहर, प्रांत आणि पिन कोडासारखा सहा खुणांचा कोड. त्यात अक्षर आणि अंक आलटून पालटून येतात आणि तिसऱ्या खुणेनंतर जागा सोडतात. तारखेतला महिना अक्षरांत लिहा. इथे कुणी दिवस आधी लिहितं, कुणी महिना.

परीक्षेचा निकाल एक्स्प्रेस एन्ट्रीला दोनच वर्षं चालतो, तेव्हा बाकीचे कागद मार्गी लागल्याशिवाय तारीख घेण्याची घाई करू नका. तोवर वरच्याच प्रश्नावर दोघांनी वेगवेगळी पत्रं लिहा, घड्याळ लावून, आणि एकमेकांची तपासा. मित्राचं नाव झाकून वाचलं तरी तो कोण आहे हे कळलं, तर सरांना दाखवा.