'काही नाही' म्हणाले, तरी झोप का उडाली?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 41. जूनमध्ये डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर 'बायरॅड्स 3' असं लिहिलंय. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट चाळला, मधेच फोन घेतला आणि म्हणाले, "काही नाही, सहा महिन्यांनी परत या." मी दारातून मागे वळून विचारलं, "कॅन्सर नाही ना?" तर म्हणाले, "ते आत्ताच कसं सांगणार?" तेव्हापासून चार महिने झाले, रात्री दोनला जाग येते ती येतेच. दिवसातून दहा वेळा गाठ चाचपते. फाइल कपाटात साड्यांखाली ठेवली आहे, घरी कुणाला बोललेली नाही. मुलगी बारावीला आहे. माझा स्वभावच भित्रा आहे का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी रिपोर्टबद्दल. बायरॅड्स म्हणजे स्तनाच्या तपासणीत कॅन्सरची शंका किती, हे आकड्यात लिहायची पद्धत. आकडे 0 पासून 6 पर्यंत असतात. 3 चा अर्थ, गाठ जवळजवळ नक्की साधी आहे. अशा शंभर गाठींत कॅन्सर निघण्याची शक्यता दोनपेक्षा जास्त नसते. सहा महिने थांबायचं ते गाठ वाढत नाही ना, एवढं पाहायला.

आता गंमत बघा. तुमच्या डॉक्टरांची दोन्ही वाक्यं खरी होती. पण 'काही नाही' आणि 'कसं सांगणार' यांच्या मधलं, मी वर लिहिलं तेवढं, सांगायचं राहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम. ते झालं नाही आणि ती जागा तुमच्या मनाने रात्री दोनला भरून काढली. यात स्वभावाचा काय दोष?

मीही हे केलंय. तालुक्याच्या गावी माझा दवाखाना होता. एका शेतकऱ्याचा ईसीजी काढला, पट्टी हातात घेतली आणि "हं" म्हणालो. पट्टी मशीनमधून वाकडी आली होती, एवढंच. महिन्याभराने त्यांचा मुलगा भांडायला आला : वडील तलाठ्याकडे जाऊन वाटणीची चौकशी करतायत, जेवण अर्ध्यावर आलंय. म्हातारबुवांना बोलावून घेतलं, तर म्हणाले, "तुमी 'हं' म्हणाला न्हवं? मग समजलो मी." ईसीजी ठणठणीत होता. त्या दिवसापासून पेशंटसमोर कागद बघताना मी तोंडाने बोलत जाऊ लागलो, हे नीट आहे, हेही नीट आहे.

आमच्या वेळी हे कुणी शिकवलं नाही. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पेशंटशी बोलणं रीतसर आलं ते 2019 मध्ये. अमेरिकेतल्या 1984 च्या एका अभ्यासात डॉक्टर पेशंटचं बोलणं सरासरी 18 सेकंदांत तोडत होते. बाहेर साठ माणसं बसलेली असताना आपल्याकडे काय होत असेल, ते तुम्ही अनुभवलंच आहे. गर्दी खरी आहे, पण पेशंटसमोर फोन घेण्याला गर्दीचं कारण चालत नाही.

डिसेंबरची वाट पाहू नका, याच आठवड्यात जा. एकट्या नको. नवऱ्याला किंवा बहिणीला न्या, घाबरलेल्या माणसाला निम्मं ऐकूच येत नाही. बसल्याबसल्या पहिलं वाक्य हेच बोला : "मला कॅन्सरची भीती वाटते, चार महिने झोप नाही." ही गोष्ट दारातून जाताना विचारली तर दारातलंच उत्तर मिळतं. गाठ किती मिलिमीटरची आहे ते विचारा. उठण्याआधी म्हणा, "मला काय समजलं ते सांगते, चुकलं तर थांबवा." हे सगळं करूनही ते फोनच बघत बसले, तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. त्यात कुणाचा अपमान नाही.

दहा वेळा चाचपणं मात्र बंद करा. दाबून दाबून तिथे दुखायला लागतं आणि त्या दुखण्याने भीती वाढते. पाळी संपल्यावर, महिन्यातून एकदा पुरे. गाठ मोठी वाटली, कातडीला खळी पडली किंवा बोंडातून रक्त आलं, तर मात्र तारखेची वाट न पाहता दाखवा.

झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, चार महिने फार झाले. तोवर रात्री जाग आली, तर 14416 हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि ती फाइल साड्यांखालून काढा. सोनोग्राफीला जाताना जुन्या फिल्म बरोबर न्याव्या लागतात. जुनी आणि नवी शेजारी धरल्याशिवाय गाठ वाढली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.