पोपांचा शब्द, बिशपांचा हुकूम आणि प्रापंचिक

प्रश्न : पोपमहोदयांनी पत्रकारांशी बोलताना मांडलेलं एक मत मला पटलं नाही. तसं बोलून दाखवल्यावर मित्र म्हणाला, ‘तू ख्रिस्तसभेबाहेर (कॅथोलिक चर्चबाहेर) गेलास.’ हे खरं आहे का?

उत्तर : नाही. मित्रानं दोन-तीन गोष्टींची गल्लत केली आहे. पोपांची अचूकता, म्हणजे त्यांचा निर्णय चुकू शकत नाही हे तत्त्व, पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं (बिशपांच्या सभेनं) १८ जुलै १८७० रोजी ठरवली, तीही कडक अटींसह : सगळ्या ख्रिस्ती लोकांचे गुरू या नात्यानं, श्रद्धा किंवा नीतीविषयी, साऱ्या ख्रिस्तसभेला बांधील असा अंतिम निर्णय. त्यानंतर अशी घोषणा एकदाच झाली, १ नोव्हेंबर १९५० रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाची (तिला देहासह स्वर्गात घेतलं गेल्याची). शंका असेल तर घोषणा अचूक मानू नये, असं ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेचं (कॅनन लॉ) कलम ७४९ सांगतं; पुढची कलमंही त्यातलीच.

मग उरलेलं सगळं ऐच्छिक का? तसंही नाही, आणि हेच बरेच जण विसरतात. परिपत्रकांसारख्या (पोपांच्या औपचारिक शिकवण-पत्रांसारख्या) अधिकृत शिकवणीला कलम ७५२ प्रमाणे बुद्धी आणि इच्छाशक्तीचं विनम्र अनुसरण द्यायचं असतं. म्हणजे ती बरोबर आहे असं धरून सुरुवात करायची आणि मूळ मजकूर वाचायचा. बातमीच्या मथळ्यावर भांडायचं नाही. पत्रकारांपुढे पोप जुनीच शिकवण सांगत असतील, तर तिचं वजन तेवढंच राहतं. वैयक्तिक अंदाजाला ते वजन नाही.

ख्रिस्तसभेबाहेर नेते ती फूट, आणि फूट म्हणजे पोपांच्या अधीन राहायलाच नकार देणं (कलम ७५१). एखादं मत न पटणं म्हणजे फूट नव्हे. उलट कलम २१२ जाणकार प्रापंचिकांना (धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांना) आदर राखून मत मांडण्याचा हक्क देतं, प्रसंगी ते कर्तव्यही मानतं.

प्रश्न : बिशपांनी आमचा धर्मग्राम (पॅरिश) शेजारच्या धर्मग्रामात विलीन केला. आम्ही थेट रोमला पत्र लिहिलं, उत्तर नाही. काय चुकलं?

उत्तर : क्रम चुकला. निर्णयाचा लेखी हुकूम कळल्यापासून दहा दिवसांत बिशपांकडेच तो मागे घेण्याची किंवा बदलण्याची लेखी विनंती करावी लागते (कलम १७३४). अर्ज पोहोचल्याची पोच घ्या, कारण पुढची मुदत त्यावर मोजली जाते. बिशपांना तीस दिवस मिळतात. त्यांनी नकार दिला तर नकार कळल्यापासून, गप्प राहिले तर तिसाव्या दिवसापासून, पंधरा दिवसांत रोमच्या संबंधित खात्याकडे दाद मागायची. धर्मग्रामाच्या बाबतीत ते सहसा धर्मगुरूंसाठीचं खातं. तिथंही निर्णय विरुद्ध गेला तर अपोस्टोलिक सिग्नातुरा या सर्वोच्च न्यायासनाकडे जाता येतं, साठ दिवसांत. दहा, पंधरा आणि साठ दिवसांच्या मुदती ‘उपयुक्त वेळे’च्या आहेत, आपला हक्क ठाऊक नसेल किंवा कृती करणं शक्यच नसेल, तर ते दिवस धरत नाहीत. मात्र आळसाला ही सवलत नाही.

आणखी एक ठेच : ‘बचाव समिती’च्या नावानं अर्ज करू नका. ख्रिस्तसभेत मान्यता नसलेल्या गटाला दाद मागता येत नाही, असं रोमनं १९८७ मध्ये स्पष्ट केलं. प्रत्येकानं स्वतःच्या नावानं सही करावी आणि आपलं नेमकं काय नुकसान झालं ते लिहावं. ‘लोकभावना दुखावली’ एवढ्यानं भागत नाही.

प्रश्न : आणि हुकूम स्वतः पोपांचाच असेल तर?

उत्तर : त्यावर अपील नाही (कलम ३३३). विनंतीपत्र मात्र कोणीही लिहू शकतो.