स्वस्त लॅपटॉपवर हलती भूमिती: वाचकांचे प्रश्न

ओढून हलवता येणाऱ्या भूमितीच्या आकृत्या काढण्याचे सॉफ्टवेअर म्हणजे जिओजेब्रा. कमी किमतीच्या शालेय लॅपटॉपवर ते कसे चालवायचे, याबद्दल गोव्यातल्या निरनिराळ्या तालुक्यांतून पत्रे आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

आमच्या लॅपटॉपांना २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण आहे. जिओजेब्रा उघडेपर्यंत अर्धी तासिका जाते आणि तीन-चार आकृत्या काढल्या की लॅपटॉप गोठतो. रॅम वाढवून घ्यावी का?
– गणित शिक्षिका, वाळपई

आधी खर्च करू नका. या किमतीच्या बहुतेक लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच डाख देऊन बसवलेली असते, ती बदलता येत नाही. साठवणही तशीच. त्यामुळे आहे त्यात जागा करणे हाच मार्ग, आणि तो बऱ्यापैकी चालतो.

पहिल्यांदा कोणती आवृत्ती बसवली आहे ते पाहा. ‘क्लासिक ६’ म्हणजे आतून एक अख्खा ब्राउझर असतो. तो सुरू होतानाच बरीच रॅम व्यापतो. ‘क्लासिक ५’ जावावर चालते आणि अशक्त यंत्रावर तुलनेने हलके पडते. शालेय भूमितीला लागणारी सगळी साधने त्यात आहेत. विंडोजसाठी त्याची पोर्टेबल आवृत्तीही मिळते. ती झिप उलगडून थेट चालवता येते, त्यामुळे बसवण्याचे अधिकार नसलेल्या खात्यावरही काम होते. मात्र पेनड्राइव्हवरून चालवू नका, फोल्डर लॅपटॉपवर उतरवून घ्या. स्वस्त पेनड्राइव्हवरून उघडायला आणखी उशीर लागतो.

मग गोठण्याचे कारण शोधा. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली मेमरी दिसते. जिओजेब्रा उघडण्याआधीच अर्धा जीबीही मोकळी नसेल, तर दोष जिओजेब्राचा नाही. रॅम भरली की विंडोज उरलेला माल साठवणीवर हलवते. ही साठवण रॅमच्या मानाने फारच संथ असते, म्हणून कर्सरसुद्धा हलेनासा होतो. त्यातून ३२ जीबी जवळपास भरलेली असेल तर माल हलवायलाही जागा उरत नाही. निदान ४-५ जीबी रिकामी ठेवा, लॅपटॉपबरोबर सुरू होणारे जादा प्रोग्राम बंद करा आणि तासाला ब्राउझर मिटलेला असू द्या.

इतके करूनही भागत नसेल तर विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली बसवण्याचा विचार करा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण लागते. तुमचे लॅपटॉप त्यात बसत नाहीत. लिनक्सच्या हलक्या प्रकारांपैकी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा एलएक्सक्यूटी डेस्कटॉपसह डेबियन घ्या. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लाइव्ह प्रत करून आधी न बसवताच चालवून बघा. वायफाय, आवाज आणि टचपॅड या तीन गोष्टी तपासा, अडते ते इथेच. काही स्वस्त लॅपटॉपांत प्रोसेसर ६४-बिटचा पण यूईएफआय (यंत्र सुरू करून देणारे आतले सॉफ्टवेअर) ३२-बिटचे असते. असे यंत्र पेनड्राइव्ह ओळखतच नाही. डेबियनमध्ये त्याची सोय आहे.

लिनक्स बसवल्यावर झेडरॅम ही रॅम वाचवणारी सोय सुरू करा. डेबियनमध्ये ‘झेडरॅम-टूल्स’ नावाचे पॅकेज आहे, त्यात प्रमाण ५० टक्के ठेवा. रॅममधला वापरात नसलेला मजकूर रॅममध्येच दाबून ठेवला जातो आणि साठवणीवर जाण्याची वेळ उशिरा येते. २ जीबीवर हा फरक हाताला जाणवतो. लॅपटॉप शासकीय योजनेतून आले असतील तर विंडोज काढण्यापूर्वी लेखी परवानगी घ्या.

जिओजेब्रातली मांडणीही आटोपशीर करा. ‘भूमिती’ ही मांडणी निवडा, बीजगणिताची चौकट आणि स्प्रेडशीट बंद ठेवा, त्रिमिती खिडकी उघडूच नका. अक्षरांचा आकार १८ करा. १३६६ × ७६८ च्या पडद्यावर मागच्या बाकावरून बिंदूंची नावे त्याशिवाय वाचता येत नाहीत. हे सगळे झाले की पर्यायांच्या यादीतून ‘सेटिंग्ज जतन करा’, नाहीतर उद्या पुन्हा पहिल्यापासून. भाषांच्या यादीत मराठीही आहे, ती लावा. काही शब्द इंग्रजीतच राहतात, ते फळ्यावर लिहून द्या.

मुले परिवर्तुळ काढतात, दिसतेही बरोबर, पण एक शिरोबिंदू ओढला की वर्तुळ त्रिकोणापासून सुटते. सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे का?
– शिक्षक, पेडणे तालुका

दोष रचनेत आहे, आणि तो दिसला हे उत्तमच झाले. कागदावर असा दोष पेन्सिलीच्या जाडीत लपून जातो.

मुलाने दोन लंबदुभाजक काढले, ते जिथे छेदताना दिसले तिथे नजरेने बिंदू ठेवला आणि त्यावरून वर्तुळ काढले. जिओजेब्राच्या दृष्टीने तो बिंदू मोकळा आहे, दुभाजकांशी त्याचे काही नाते नाही. त्रिकोण हलला, दुभाजक हलले, बिंदू मात्र जागीच राहिला.

खरी रचना अशी: बहुभुज साधनाने त्रिकोण अबक काढा. लंबदुभाजक साधन घेऊन बाजू अब आणि बाजू बक यांवर एकेकदा टिचकी द्या. मग ‘छेदनबिंदू’ साधन घेऊन दोन्ही दुभाजकांवर टिचकी द्या. आता जो बिंदू मिळेल तो परिकेंद्र. ‘केंद्र आणि बिंदू यांवरून वर्तुळ’ हे साधन घेऊन आधी परिकेंद्र, नंतर अ वर टिचकी द्या. इथे आणखी एक चूक ठरलेली: दुसरी टिचकी अ च्या शेजारच्या रिकाम्या जागेवर पडते, तिथे नवाच बिंदू तयार होतो आणि ओढल्यावर वर्तुळ पुन्हा सुटते. टिचकीपूर्वी अ उठून दिसतो आहे ना, ते पाहायला शिकवा.

तपासायला रंग उपयोगी पडतो. मोकळे बिंदू निळे, एखाद्या रेषेवर किंवा वर्तुळावर बांधलेले फिकट निळे, आणि रचनेतून आलेले काळे किंवा करडे असतात. परिकेंद्र निळे दिसले तर ओढून पाहण्याचीही गरज नाही. आमच्या मते वहीत आकृती तपासतात तशीच इथे ओढून तपासणी व्हावी: प्रत्येक शिरोबिंदू एकदा ओढायचा, आकृती टिकली तरच बरोबर. त्रिकोण विशालकोन होईपर्यंत ओढायला लावा, म्हणजे परिकेंद्र बाजू ओलांडून बाहेर जाताना मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

टचपॅडवर हे काम कठीण जाते. पावसाळ्यात बोट दमट असले की कर्सर उड्या मारतो. दोघांत एक साधा वायरचा माउस द्या. माउस नसेल तर बिंदू निवडून बाणाच्या कळांनी सरकवा. शिफ्ट दाबून धरले तर पाऊल दशांश होते, कंट्रोल धरले तर दसपट.

त्रिकोणाचा एक कोन ३०० अंशांच्या पुढे येतो. आणि कधी तिन्ही कोनांची बेरीज १७९ किंवा १८१ भरते. असे का?
– नववीची विद्यार्थिनी, डिचोली

जिओजेब्रा कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजते. अ पाशी कोन हवा असेल आणि टिचक्यांचा क्रम उलटा झाला, तर तुला हवा असलेला ६० अंशांचा कोन सोडून बाहेरचा ३०० अंशांचा मिळतो. क्रम उलट कर, म्हणजे ब, अ, क च्या जागी क, अ, ब. किंवा कोनाच्या गुणधर्मांत ‘० ते १८० अंशांच्या दरम्यान’ असा पर्याय निवड. त्रिकोणाला तो चालतो. अंतर्वक्र चौकोनात मात्र एक कोन खरोखरच १८० पेक्षा मोठा असतो, तिथे हा पर्याय चुकीचे उत्तर दाखवेल.

बेरजेचे कारण पूर्णांकन. पडद्यावर पूर्ण अंशच दाखवायचे ठरवले असेल तर प्रत्येक कोन अर्ध्या अंशापर्यंत वर-खाली होतो. ५९.६, ६०.७ आणि ५९.७ यांची खरी बेरीज १८० आहे, पण पडद्यावर ६०, ६१ आणि ६० दिसतात, म्हणजे १८१. दोन दशांश स्थळे ठेवलीस तरी कधी १८०.०१ येईलच. दिसणारे आकडे हाताने मिळवू नकोस. खिडकीच्या तळाशी असलेल्या इनपुटच्या रकान्यात तीन कोनांची नावे अधिक चिन्हाने जोडून लिही. जिओजेब्रा आतले न पूर्णांकित केलेले मोल घेते आणि शिरोबिंदू कसाही ओढलास तरी १८० च दाखवते. ही पडताळणी आहे, सिद्धता नव्हे. बाजूला समांतर रेषा काढून व्युत्क्रम कोनांवरून जी करतात ती सिद्धता वहीत हवीच.

गोव्याचा नकाशा मागे ठेवून पणजी, मडगाव आणि फोंडा यांच्यापासून समान अंतरावरचे ठिकाण शोधण्याचा उपक्रम केला. चित्र टाकताच लॅपटॉप अडकतो.
– शिक्षक, फोंडा

उपक्रम फार चांगला आहे, चित्र तेवढे लहान करा. मोबाइलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असला तर फाइल ३-४ एमबीच दिसते, पण पडद्यावर आणताना ती उलगडावी लागते. दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर ४८ एमबी होतात. तोच फोटो १००० × ७५० केला की ३ एमबी. कोणत्याही चित्र-प्रोग्राममध्ये आधी आकार कमी करा, मग जिओजेब्रात घाला. जिओजेब्राची जीजीबी फाइल म्हणजे मुळात झिप असते आणि चित्र तिच्या आतच जाते. त्यामुळे मोठे चित्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या फाइलमधून फिरत राहते. चित्राच्या गुणधर्मांत ‘पार्श्वभूमी चित्र’ निवडा, म्हणजे बिंदू ओढताना नकाशा सरकणार नाही.

या तीन शहरांच्या त्रिकोणात फोंड्यापाशी कोन काटकोनाच्या आसपास येतो. म्हणून परिकेंद्र पणजी–मडगाव या बाजूच्या मध्याला जवळपास चिकटून पडते. मुलांना हे चुकल्यासारखे वाटते. मग फोंड्याचा बिंदू वाळपईवर न्या: त्रिकोण लघुकोन होतो आणि परिकेंद्र आत शिरते. एवढ्यावर एक अख्खी तासिका रंगते.

बिंदूपथ दाखवतानाही असेच अडकणे होते. ‘बिंदूपथ’ साधन दर हालचालीला पथावरचे सगळे बिंदू नव्याने मोजते. रचना लांब असेल तर लॅपटॉपला धाप लागते. त्याऐवजी बिंदूवर ‘माग दाखवा’ लावा. तो फक्त रंगाचे ठिपके सोडत जातो, जवळजवळ काहीच मोजावे लागत नाही. कंट्रोल-एफ दाबले की माग पुसला जातो. मागावर छेदनबिंदू घेता येत नाही आणि तो फाइलमध्ये साठत नाही, एवढीच त्याची उणीव.

शाळेत इंटरनेट जवळपास नसतेच. ब्राउझरमधले जिओजेब्रा त्याशिवाय चालेल का?
– मुख्याध्यापक, काणकोण तालुका

चालते. जिओजेब्राचा ऑफलाइन वापराचा झिप संच एकदा उतरवून घ्या आणि एका यंत्रावर उलगडा. त्यातली एचटीएमएल फाइल नुसती दोनदा टिचकी देऊन उघडली तर बऱ्याचदा पान कोरेच राहते, कारण ब्राउझर सुरक्षेसाठी डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला शेजारच्या फाइली वाचू देत नाही. म्हणून त्या फोल्डरवर छोटा वेब सर्व्हर चालवा. पायथॉनमध्ये तो तयारच येतो आणि सहसा ८००० क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. शाळेचा वायफाय राउटर इंटरनेटशिवायही लॅपटॉप जोडतो. सर्व्हर असलेल्या यंत्राचा पत्ता राउटरमध्ये कायम करून ठेवा, नाहीतर वीज गेली-आली की तो बदलतो आणि मुलांनी ब्राउझरमध्ये जपलेल्या खुणा (बुकमार्क) निकामी होतात.

सर्व्हर फक्त फाइली पुरवतो, गणित ज्याचा तो लॅपटॉप करतो, हे ध्यानात ठेवा. सर्व्हर कितीही दमदार आणला तरी २ जीबीचा लॅपटॉप वेगवान होणार नाही. अशा यंत्रांवर क्लासिक ५ च बसवा.

१ जीबी रॅमचे जुने नेटबुक पडून आहेत. टाकून द्यावेत का?
– पालक-शिक्षक संघ, केपे

टाकू नका. त्यावर हलके लिनक्स आणि ‘किग’ बसवा. किग मुक्त सॉफ्टवेअर आहे, फक्त समतल भूमिती करते आणि तेवढेच नीट करते. ‘डॉ. जिओ’ याहून अशक्त यंत्रांसाठीही चांगले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाच्या पहिल्या एक्सओ लॅपटॉपला ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि अवघी २५६ एमबी रॅम होती. भारतात तो २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत प्रथम आला. तशा यंत्रांसाठीही डॉ. जिओची आवृत्ती निघाली होती.

पावसाळ्यात आणि चवथीच्या सुटीत लॅपटॉप कसे ठेवावेत? एकदम वीस चार्ज करायला लावले की फ्यूज उडतो.
– प्रयोगशाळा साहाय्यक, सांगे

४५ वॅटचे वीस चार्जर म्हणजे ९०० वॅट, २३० व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटला हे हिशोबाने पेलते. पण बटण दाबताक्षणी सगळे चार्जर एकदम जादा प्रवाह ओढतात आणि फ्यूज किंवा एमसीबी तेवढ्यात उडते. दहा-दहाचे दोन गट करा, दोन वेगळ्या सॉकेटवर. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा, नुसते बटण बंद करणे पुरत नाही.

सुटीसाठी बॅटरी साधारण ५० टक्क्यांवर आणून लॅपटॉप पूर्ण बंद करा, झोपवून ठेवू नका. पूर्ण भरलेली बॅटरी उकाड्यात लवकर म्हातारी होते, रिकामी ठेवलेली मरते. महिन्यातून एकदा पुन्हा निम्म्यापर्यंत भरा. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पिशव्या घालून ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की त्यांनी ओल पुरती शोषली आहे, बदला किंवा वाळवा. डबा भिंतीला टेकवून ठेवू नका, आपल्याकडे जुलैत भिंतच पाझरते. बाहेर काढल्यावर बिजागरीपाशी दव दिसले तर ते पूर्ण सुकेपर्यंत लॅपटॉप सुरू करू नका.