आवाज बेताचा, मन भरकटतं. मग उपासनेत देवाला सर्वोत्तम काय द्यायचं?

तुम्ही लिहिलंय की आठवडाभर लोकलचे धक्के खाऊन रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाता, पण निम्मी उपासना डुलकीत नाहीतर मोबाइलमध्ये जाते. गळा नाही, दानही जेमतेम.

गळ्याचं आणि रकमेचं आधी सोडून द्या. बायबलमधल्या मलाखी १:८ मध्ये देवाची तक्रार आहे ती आंधळं, लंगडं जनावर वेदीवर आणण्याची. हेच तुमच्या अधिपतीला नेऊन द्या, तो खूश होईल का, असा खडा सवाल आहे. धडधाकट जनावर गोठ्यात आणि बिनकामाचं देवाला, हे खुपलं. शुभवर्तमानातल्या गरीब विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, मात्र चालल्या. तेव्हा आपण देतोय ते उरलंसुरलं तर नाही ना, एवढंच तपासायचं.

तुमच्या बाबतीत देवाला उरलंसुरलं जातं ते अपुऱ्या झोपेमुळे. शनिवारी मध्यरात्रीपर्यंत जागलात तर सकाळी बाकावर नुसतं शरीर येतं. अकराच्या आत आडवे व्हा. रविवारी गाड्या कमी असतात. रोजच्या हिशेबाने निघालात तर पहिलं गीत आणि पापांगीकार (पापांची कबुली) दोन्ही हुकतात. पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा, गर्दीतून आलेल्या मनाला बसायला तेवढी लागतातच. दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणारा मेगाब्लॉक बहुधा तुम्ही पोहोचल्यानंतर सुरू होतो, म्हणून परतीचा रस्ता शनिवारीच पाहून ठेवा. नाहीतर उपदेशापासूनच नजर घड्याळावर जाते.

त्या रविवारी वाचायचे बायबलचे उतारे पाळकांकडून आधी घ्या आणि शनिवारी दहा मिनिटं मोठ्याने वाचा. उपदेशात डुलकी येते ती पुष्कळदा उतारा कानाला नवखा असतो म्हणून.

आता गाणं. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला; त्यांनी ख्रिस्ती गीतं ओवी-अभंगाच्या वळणावर लिहिली, म्हणजे घोळक्याने म्हणता येतील अशी. तरी बाकांवर शांतता का? माझ्या मते दोष बहुधा पट्टीचा, म्हणजे गीत कुठल्या सुरापासून धरलं त्याचा. पेटीवर गीत काळी दोनमध्ये धरलं आणि अंतरा तार गंधाराला (वरच्या सप्तकातल्या ‘ग’ला) भिडला, की पुरुष गप्प होतात आणि बायका कुजबुजतात. तेच काळी पाचवर उतरवलं तर सगळ्यांच्या आवाक्यात येतं. गीत निवडताना धृपद नाही, अंतऱ्यातला सर्वांत उंच स्वर आधी गाऊन बघायचा. वाजवणाऱ्यांना हे उपासनेआधी सांगा, नंतर सांगितलं की टीका वाटते. तोवर तुम्ही खालच्या सप्तकात म्हणा. आठवड्याला एका गीताची दोन कडवी पाठ करा. पुस्तकात डोकं खुपसून गाणाऱ्याचं लक्ष पुढच्या ओळीवर असतं, अर्थावर नसतं.

दानाचं पाकीट पगार झाला त्याच दिवशी वेगळं करा. दानाची पिशवी समोर आल्यावर खिशात हात घातला, की हाताला लागेल ती नोट जाते. १ करिंथ १६:२ मध्येही आधी बाजूला काढून ठेवायलाच सांगितलंय. रक्कम लहान असली तरी चालेल. अरवना नावाच्या माणसाचं खळं आणि बैल फुकट मिळत असताना दावीद राजाने ५० शेकेल चांदी मोजली, ती फुकटचं होमार्पण करायचं नाही म्हणून. यूपीआयने देत असाल तर आदल्या दिवशीच द्या. दानार्पणाच्या वेळी फोन उघडला की पाठोपाठ व्हॉट्सॲप उघडतंच.

सगळ्यांत अवघड बाब मत्तय ५:२३-२४ मध्ये आहे: भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तर दान वेदीपुढे ठेवून आधी समेट करा. यालाच आपण सर्वांत जास्त बगल देतो. भावाशी खोलीच्या वाटणीवरून अबोला असो की सोसायटीत पार्किंगवरून, शनिवारी संध्याकाळी फोन करा. ‘माझं चुकलं’ एवढंच बोला, ‘पण तूही...’ जोडलं की जुनं सगळं पुन्हा उकरलं जातं. फोन उचलला नाही तर निरोप ठेवा आणि उपासनेला जा. रोम १२:१८ ची अट ‘तुमच्याकडून होईल तितकं’ एवढीच आहे.