इंग्रजीतले आवाज : कोणते मोजायचे, कोणते नाही?

प्रश्न : 'आय हर्ड अ नॉइज' की 'आय हर्ड नॉइज'? दोन्ही वाक्यं वाचनात येतात.

दोन्ही बरोबर आहेत, पण त्यांत ऐकू आलेलं वेगळं आहे. रात्री भांडं पडलं, आवाज झाला नि थांबला, तो 'अ नॉइज'. शेजारच्या बांधकामाचा गोंगाट दुपारभर चालू राहिला, तो नुसता 'नॉइज'. सुरुवात आणि शेवट कानाला कळत असेल, तर इंग्रजी तो आवाज मोजते. सगळीकडे पसरलेला आवाज मोजत नाही. म्हणून गोंगाट वाढला की 'टू मच नॉइज' म्हणायचं, 'टू मेनी नॉइजेस' नाही. मात्र इंजिनातून कधी खरखर, कधी ठकठक, कधी शीळ येत असेल, तर 'स्ट्रेंज नॉइजेस' अगदी योग्य.

'साउंड'चंही असंच आहे. ध्वनी हवेपेक्षा पाण्यात चौपटीहून अधिक वेगाने जातो, या विधानात 'साउंड'ला आर्टिकल लागत नाही. 'नॉट अ साउंड' म्हणजे मात्र एकही आवाज नाही. मराठीत या दोन्हींना आणि माणसाच्या 'व्हॉइस'लाही आपण 'आवाज'च म्हणतो. घोटाळा होतो तो त्यामुळे.

प्रश्न : मुलीने निबंधात 'वी हर्ड थ्री थंडर्स' लिहिलं आणि ते चूक ठरलं. ढग तर तीनदा गडगडले होते!

आपण तरी 'तीन गडगडाट ऐकले' कुठे म्हणतो? 'तीनदा गडगडाट झाला' म्हणतो. 'थंडर' हे नामही तसंच आहे. मोजायचंच असेल, तर 'थ्री क्लॅप्स ऑफ थंडर'. इथे मोजले जातात ते 'क्लॅप', थंडर नव्हे. लांबत जाणाऱ्या गडगडाटाला 'अ रंबल ऑफ थंडर' म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडतो, कारण तो उच्चारतानाच गडगडतो. 'इट थंडर्स' मात्र बरोबर आहे, कारण तिथे ते क्रियापद आहे. हा फरक मुलीला आवर्जून सांगा.

प्रश्न : 'लाउड अप्लॉजेस' चालेल? टाळ्या तर अनेक असतात.

नाही. 'अप्लॉज' म्हणजे एकेक टाळी नव्हे, टाळ्यांचा कडकडाट. 'लाउड अप्लॉज' किंवा 'अ राउंड ऑफ अप्लॉज' लिहा. 'लाफ्टर' म्हणजे हशा, तोही मोजत नाहीत. एखाद्याचं एकदाचं हसणं 'अ लाफ'.

प्रश्न : 'बार्क' आणि 'बार्किंग' यांत फरक काय?

कुत्रा एकदा भुंकला, तर 'अ बार्क'. रात्रभर भुंकत राहिला, तर 'बार्किंग'. 'नॉक' आणि 'नॉकिंग' यांचंही तेच.

प्रश्न : 'रॅकेट' म्हणजेही गोंगाटच. मग 'मेक अ रॅकेट' का?

इथे माझा वरचा नियम तोकडा पडतो. 'रॅकेट' आणि 'डिन' हे शब्द गोंगाटाचेच, तरी 'अ' घेतात आणि या अर्थाने सहसा अनेकवचनात येत नाहीत. हे दोन पाठच करावेत. 'सायलेन्स' मात्र नियमाने वागतो. एरवी तो मोजत नाहीत. पण बोलता बोलता कोणी गप्प झालं आणि बऱ्याच वेळाने पुन्हा बोललं, तर मधली शांतता 'अ लाँग सायलेन्स' होते.